'दुसरं काम करेल की' म्हणणाऱ्याने ते काम दाखवावं

एका हाताची तीन बोटं गेली तर कमाईची ताकद ३० टक्के घटली असं कामगार भरपाईच्या कायद्याच्या तक्त्यात लिहिलंय. चार गेली तर ५०, अंगठा गेला तर ३०, एकटी तर्जनी मुळापासून गेली तर १४. हा तक्ता मला आता तोंडपाठ आहे, कारण रिटायर झाल्यापासून नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कामगारांचे अर्ज लिहून द्यायचं काम मी करतो, आणि आमच्या एमआयडीसीत कामगार अर्ज घेऊन आला की बऱ्याचदा आधी त्याचा हातच बघावा लागतो.

गेल्या वर्षी एक गडी आला होता. वय ३५, मूळ पेठ तालुक्यातला, सिडकोत एका खोलीत बायको आणि दोन पोरांसोबत भाड्याने राहतो. अंबडमधल्या एका छोट्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून पार्ट बनवणाऱ्या शेडमध्ये, कॉन्ट्रॅक्टरकडून पॉवर प्रेसवर होता, पगार १४,०००. मशीनला दोन हातांची बटणं होती, म्हणजे दोन्ही हात बटणावर असल्याशिवाय स्ट्रोक पडूच नये अशी सोय, पण प्रॉडक्शन निघत नाही म्हणून ती बंद करून फूट पेडल लावलेलं, आणि हे काही एकाच शेडमधलं नाही, ज्यांनी प्रेस शॉपमध्ये चार दिवस काढलेत त्यांना माहितीय. अपघाताच्या रात्री मशीनने डबल मारला. पहिल्या स्ट्रोकनंतर तो पीस काढायला हात आत घालतो न घालतो तोच दुसरा पडला. उजव्या हाताची तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका गेली. अंगठा आणि करंगळी राहिली.

ईएसआयचं, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचं, कार्ड होतं म्हणून उपचार झाले, जखम भरेपर्यंत पगाराच्या ९० टक्क्यांप्रमाणे पैसे पण मिळाले, अपघाताची खबर देणारा फॉर्म १२ भरायला मालकाने वेळ लावला तरी शेवटी भरला. मग मेडिकल बोर्डासमोर गेला. मूठ आवळा, सोडा, पेन धरून दाखवा. तीन बोटं, ३० टक्के. ईएसआयचा हिशोब असा की पूर्ण अपंगत्व असेल तर पगाराच्या ९० टक्के, आणि अर्धवट असेल तर त्या रकमेतला तेवढा हिस्सा, आयुष्यभर. म्हणजे १४,००० वर पूर्ण धरलं असतं तर महिन्याला १२,६०० च्या आसपास आले असते, ३० टक्के धरल्यामुळे ३,७८० येतात. उरलेले ८,८२० रुपये त्याने उरलेल्या दोन बोटांनी कमवावेत असं त्या तक्त्याचं म्हणणं.

माझ्यासमोर बसून तो म्हणाला, "काका, माझा हात तीसच टक्के गेला म्हणतात. बाकीच्या सत्तर टक्क्याला काम कोण देतं तेवढं सांगा ना." मी त्याला चहा दिला, कारण त्या वेळी माझ्याकडे उत्तर नव्हतं.

हा लेख त्याच प्रश्नावर आहे. माणूस ज्या कामात मुरलेला असतो त्यातून अपघाताने कायमचा बाहेर फेकला जातो, तेव्हा त्याची भरपाई शरीराच्या तुकड्यावर मोजायची का त्याच्या बुडालेल्या रोजगारावर? धरणात जमीन गेलेल्याला आपण विस्थापित म्हणतो, त्याचं पुनर्वसन व्हावं हे निदान तोंडदेखलं तरी मान्य करतो. प्रेसखाली बोटं गेलेला माणूस पण विस्थापितच आहे, त्याचा कसबाचा गाव बुडालाय. त्याला मात्र आपण सांगतो, दुसरं काम करेल की.

हे वाक्य मी इतक्या तोंडून ऐकलंय की मोजदाद नाही. मॅनेजर म्हणतो, इन्शुरन्स कंपनीचा वकील उलटतपासणीत म्हणतो, शेजारी म्हणतात, कामगाराचा सख्खा भाऊ सुद्धा म्हणतो. आणि म्हणणारा वाईटच असतो असं नाही, बऱ्याचदा धीर द्यायलाच म्हणतो. पण हेच वाक्य जेव्हा भरपाई कापायचं कारण होतं तेव्हा ते सिद्ध करायची जबाबदारी कुणावर तरी टाकायलाच हवी, आणि माझं म्हणणं एवढंच आहे की ती म्हणणाऱ्यावर टाका. कुठलं काम, कुठल्या कंपनीत, किती पगाराचं, आणि ह्या हाताला ते देणार कोण, हे त्याने दाखवावं. नाही दाखवता आलं तर पूर्ण अपंगत्व धरा.

आधी कायदा काय म्हणतो ते बघू, कारण कायदा वाईट नाहीये. १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा, २०१० पासून त्याचं नाव कर्मचारी नुकसानभरपाई कायदा झालं, त्यात पूर्ण अपंगत्वाची व्याख्या अशी की अपघाताच्या वेळी माणूस जी जी कामं करू शकत होता ती सगळी करायला तो असमर्थ झाला. टक्क्यांची बेरीज येते ती पुढच्या परंतुकात. मूळ व्याख्येतला प्रश्न कामाचा आहे. आता हे कायदे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेलेत आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, पण बोटांचे टक्के होते तेच राहिलेत.

आणि सुप्रीम कोर्टाने हा प्रश्न पन्नास वर्षांपूर्वीच सोडवलाय. प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबाता, लेबरच्या वकिलांना झोपेत विचारलं तरी सांगतील. सुतार माणूस, १९६८ साली एका सिनेमा थिएटरमध्ये लाकडाचं नक्षीकाम करताना पडला, डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. तक्त्यात बघाल तर १०० टक्के बसत नाही, मालकाचं म्हणणं तेच होतं. भरपाई ठरवणाऱ्या कमिशनरने साधी गोष्ट सांगितली की सुतारकाम एका हाताने होत नाही, म्हणून तो सुतार म्हणून संपला, १०० टक्के. १९७५ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने ते उचलून धरलं, वर हेही सांगितलं की भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देणं लागते. मग २००८ मध्ये के. जनार्दन यांची केस, टँकर ड्रायव्हर, उजवा पाय गुडघ्यापर्यंत गेला, हायकोर्टाने ६५ टक्के केलं होतं, सुप्रीम कोर्टाने पुन्हा १०० वर नेलं. २०१९ मध्ये चन्नप्पा नागप्पा मुचळगोडा, ट्रक ड्रायव्हर, डॉक्टरने पूर्ण शरीराचं ३७ टक्के लिहून दिलेलं, पण माणूस ड्रायव्हिंग करू शकत नाही म्हटल्यावर कोर्टाने १०० टक्केच धरलं.

ह्या सगळ्यात मला सगळ्यात जवळचा निकाल वाटतो तो मोहन सोनी यांचा, २०१२ चा. ही मोटार अपघाताची केस होती, कंपनीतल्या अपघाताची नाही, पण मुद्दा हाच. ५५ वर्षांचा हातगाडी ओढणारा माणूस, डावा पाय गेला. ट्रायब्युनलचं म्हणणं पडलं की बसून भाजी विकता येईल, दुसरं काही करता येईल, म्हणून कमाईतली घट ५० टक्केच. सुप्रीम कोर्टाने ती ९० वर नेली. आणि नेताना जे लिहिलं ते प्रत्येक लेबर ऑफिसच्या भिंतीवर लावावं असं आहे. त्याचा मतलब असा की जखमी माणूस धंदा बदलून नुकसान भरून काढेल असा नुसता अंदाज बांधून भरपाई कापता येणार नाही. ज्याला कमी द्यायचंय त्याने एक तर दाखवावं की ह्या माणसाच्या नोकरीला कायद्याचं संरक्षण आहे, नाहीतर पुरावा द्यावा की त्याने खरोखरच दुसरं काम धरलंय आणि त्यातून त्याला अमुक एवढे पैसे मिळतायत.

म्हणजे मी जे वर मागतोय ते देशाच्या सगळ्यात मोठ्या कोर्टाने लिहून ठेवलंय. मग अडतंय कुठे? अडतंय ते इथे की अंबडच्या प्रेस शॉपमधला माणूस कोर्टात जातच नाही. ईएसआयचा विमा असला की १९२३ च्या कायद्याखाली मालकावर भरपाईचा दावा लावता येत नव्हता, ईएसआय कायद्याचं कलम ५३ तेच सांगत होतं, त्याचा सगळा निकाल मेडिकल बोर्डात लागायचा आणि अजूनही तिथेच लागतो. बोर्डात असतात डॉक्टर. डॉक्टरांवर माझा राग नाही, बोट किती सेंटिमीटर उरलंय आणि सांधा किती वळतो हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार नाही. पण अंबडमध्ये दोन बोटांच्या ऑपरेटरला कोण कामावर ठेवतं हे त्यांना कसं कळणार? ते त्यांच्या शिक्षणातच नाही. तरी 'कमाईची ताकद' किती घटली हा रोजगाराचा आकडा त्यांच्या सहीने ठरतो.

आता त्या गड्याने काम कसं शोधलं ते सांगतो, कारण सत्तर टक्के प्रत्यक्षात कसे दिसतात ते त्याशिवाय कळणार नाही.

जखम भरल्यावर तो आधी त्याच कंपनीत गेला. त्यांनी पंधरा-वीस दिवस पॅकिंगला बसवलं. तिथे पहिल्याच दिवशी एक गोष्ट झाली जी मी विसरू शकत नाही. हजेरीच्या मशीनवर त्याची उजवी तर्जनी आणि मधलं बोट नोंदवलेलं होतं. जी बोटं प्रेसखाली गेली तीच. मशीनला तो ओळखूच येईना, सुपरवायझर म्हणाला उद्या करू, उद्या करू, आणि पगाराच्या वेळी कॉन्ट्रॅक्टरच्या शीटवर तो गैरहजर निघाला. ते भांडून घेतलं, पण पुढच्या महिन्यात कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं आणि नव्या यादीत त्याचं नाव नव्हतं, गेटवर पासच बंद.

मग सिक्युरिटी. एजन्सीवाल्याने हात बघितला आणि म्हणाला गेटवर रजिस्टर लिहावं लागतं, रात्री लोखंडी गेट ओढावं लागतं, आणि कंपनीवाले तक्रार करतात रे. मग डिलिव्हरी. मित्राची बाईक घेऊन पाथर्डी फाट्यापासून गरवारे पॉइंटपर्यंत चालवून बघितली. ॲक्सिलरेटर उजव्या हाताला, पुढचा ब्रेक उजव्या हाताला, आणि ब्रेक दाबायचा तर्जनी आणि मधल्या बोटाने. अंगठा आणि करंगळीत मूठ पकडून बघा एकदा, ब्रेकपर्यंत काही जातच नाही. परत आल्यावर त्याने गाडी लावली आणि चावी मित्राच्या हातात दिली, काही बोलला नाही.

मग गावाकडच्या टोळीसोबत द्राक्षाच्या कामाला, दिंडोरीकडे. पेठ-सुरगाण्याची माणसं वर्षानुवर्षं ह्या कामाला येतात, त्याला लहानपणापासून येत होतं. पण विरळणीला घडातले मणी कात्रीने काढायचे असतात, कात्रीला अंगठा आणि बोटं लागतात, त्याने डाव्या हाताने करायचा प्रयत्न केला. टोळीने एकरी उक्तं घेतलेलं असतं, सगळे मिळून जेवढं आवरतील तेवढा रोज पडतो. ह्याच्या ओळी मागे राहायला लागल्या. कुणी त्याला काही बोललं नाही, सगळी त्याच्याच गावची, बायका त्याच्या ओळी पुऱ्या करून द्यायच्या. पाचव्या दिवशी तो स्वतःच निघून आला, म्हणाला त्यांच्या पोटातलं किती खाऊ.

आत्ता कुणी म्हणेल नाशिकमध्ये कामाला काय तोटा, २०२७ च्या कुंभाची कामं निघालीत, रस्ते, घाट, पूल. खरंय. सेंट्रिंगला माणूस हवा, सळई बांधायला हवा, घमेली द्यायला हवा. प्रत्येक ठिकाणी पकड लागते. शहरात काम असणं आणि ह्या हातासाठी काम असणं ह्यात फरक आहे, आणि टक्क्यांचा तक्ता नेमका हाच फरक बघत नाही.

हा फरक इंग्लंडच्या कोर्टाने १९११ मध्येच बघितला होता. कार्डिफ कॉर्पोरेशन विरुद्ध हॉल अशी केस. न्यायाधीश फ्लेचर मोल्टन यांनी बाजारातला शब्द वापरला, ऑड लॉट. दुकानात सगळा माल खपतो आणि जोडी नसलेला, आकार न जुळणारा थोडा माल उरतो, त्याला गिऱ्हाईक शोधावं लागतं, तसा अपघाताने काही कामगारांचा श्रम बाजारात सुटा माल होतो. नेहमीच्या कामाला तो चालत नाही, खास कुणीतरी खास काम दिलं तरच. आणि मग त्यांनी म्हटलं की असं खास काम मिळू शकतं हे दाखवायची जबाबदारी मालकाची. आपला १९२३ चा कायदा इंग्लंडच्याच कायद्याच्या वळणावर बनला. कायदा घेतला, पण हा विचार आपल्या बोर्डांच्या टेबलापर्यंत काही पोचला नाही.

अमेरिकेतला एक अनुभव पण इथे सांगायला हवा, कारण नुसती जबाबदारी टाकून भागत नाही. पेन्सिल्व्हेनियात १९८७ च्या कचिन्स्की केसमध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने नियम घातला की भरपाई थांबवायची किंवा कमी करायची असेल तर मालकाने जखमी कामगाराला त्याच्या डॉक्टरी मर्यादेत बसणारी, खरोखर रिकामी असलेली नोकरी दाखवावी, आणि कामगाराने तिथे मनापासून जाऊन बघावं. किती सरळ आहे बघा, दोन्ही बाजूंना काम लावलंय. पण १९९६ मध्ये तिथल्या विधिमंडळाने कायदा बदलला आणि एक्स्पर्टने भागातल्या नोकऱ्यांचा सर्व्हे करून ह्याची कमाईची ताकद अमुक इतकी आहे असं सांगितलं तरी चालायला लागलं. नोकरी प्रत्यक्ष मिळाली का, हा प्रश्न मागे पडला. म्हणून आपल्याकडे नियम करायचा तर तो कागदावरच्या नोकरीला चालू देणारा नको. जाहिरातीचं कात्रण आणून दाखवलं म्हणजे काम दाखवलं असं होत नाही.

आता संरक्षणाचं बघा, कारण मोहन सोनीच्या निकालात कोर्टाने तो पर्याय पण दिलाय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २० चं पोटकलम ४ सांगतं की नोकरीत असताना अपंगत्व आलं तर माणसाला काढता येणार नाही, खालच्या पदावर ढकलता येणार नाही, जुनं काम जमत नसेल तर त्याच पगाराच्या दुसऱ्या जागेवर घ्यायचं, जागा नसेल तर जागा निर्माण करून ठेवायचं. किती चांगलं कलम. त्याच्या आधीच्या १९९५ च्या कायद्यात पण होतं आणि २००३ मध्ये कुणाल सिंग यांच्या केसमध्ये, पाय गेलेला जवान, सुप्रीम कोर्टाने ते लागू केलं होतं. पण हे कलम सरकारी आस्थापनांना आहे. महापालिकेतल्या क्लार्कची तीन बोटं गेली तर त्याचा पगार चालू राहतो, राहायलाच हवा. अंबडमधल्या ऑपरेटरची तीच तीन बोटं गेली तर पास बंद. आणि खाजगीत काढताना पण पळवाट होती, १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात सततच्या आजारपणामुळे काढणं हे रिट्रेंचमेंट, म्हणजे कामगारकपात, धरलंच जात नव्हतं, म्हणजे वर्षाला पंधरा दिवसांचा पगार मिळतो तो पण नाही. मालकाच्याच मशीनने केलेली इजा आणि कागदावर तिचं नाव आजारपण, असे अर्ज मी स्वतः बघितलेत.

वर ती ४० टक्क्यांची भिंत आहे. दिव्यांग कायद्यात आरक्षण वगैरे घ्यायचं तर अपंगत्व किमान ४० टक्के लागतं. ईएसआयची स्वतःची पुनर्वसनाची योजना आहे, नवीन कसब शिकायचं, रोजचा भत्ता घ्यायचा, चांगली योजना आहे, पण तिला पण अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त आणि वय ४५ च्या आत पाहिजे. आमचा गडी ३५ वर्षांचा आणि ३० टक्क्यांचा. पूर्ण भरपाई मागायला गेला तर सांगतात तू दुसरं काम करू शकतोस, आणि दुसरं काम शिकायला गेला तर सांगतात तुझं अपंगत्व पुरेसं नाही. ह्या दोन उत्तरांच्या मधे माणूस कुठे उभा राहणार हे कुणी विचारलेलंच दिसत नाही.

विरोधात काय म्हणतात तेही मला माहितीय आणि ते सगळं टाकाऊ नाही. पहिला मुद्दा असा की तक्ता असल्यामुळे भरपाई पटकन मिळते, प्रत्येक बोटामागे वाद घालत बसलो तर कामगार वर्षानुवर्षं कोर्टात लटकेल. हे खरंय, आणि म्हणूनच तक्ता काढून टाका असं मी म्हणत नाही. तक्त्यातले टक्के लगेच द्या, पहिल्या महिन्यापासून द्या. पण तिथेच फाइल बंद करू नका. माणूस त्याच कामावर त्याच पगाराला परत गेला तर प्रश्न मिटला. नाही गेला, तर सहा महिन्यांनी तो पुन्हा बोर्डासमोर येऊ दे आणि तेव्हा बोर्डात डॉक्टरांच्या शेजारी रोजगाराचं कळणारा माणूस बसलेला असू दे, कामगारांकडचा एक, कारखानदारांकडचा एक. त्यांच्यासमोर ईएसआयने किंवा मालकाने सांगावं की ह्याला कुठलं काम आहे. सांगता आलं आणि मिळालं, तर टक्के तेच राहू दे. नाही सांगता आलं तर वाढवा.

दुसरा मुद्दा, लोक मुद्दाम कामावर जाणार नाहीत, बसून खातील. चार जण तसे निघतील पण, मी नाही म्हणत नाही. पण म्हणूनच कामगाराने मनापासून शोधलं पाहिजे ही अट घाला ना, मला मान्य आहे. एक वही ठेवावी, कुठे गेलो, कुणाला भेटलो, काय उत्तर मिळालं. खोटं बोलणारा दोन महिन्यांत उघडा पडतो, मी स्वतः दोघांचे अर्ज लिहायला नकार दिलाय.

तिसरा मुद्दा मला खरा जड वाटतो. छोटा कारखानदार. दहा-पंधरा माणसांचं शेड, मोठ्या कंपनीची व्हेंडरशिप, पीसमागे पैशांवर भाव आणि पेमेंट नव्वद दिवसांनी. त्याला सांगणार का की जखमी माणसाला जागा निर्माण करून ठेव? माझ्या ओळखीचे असे लोक आहेत जे अपघातानंतर स्वतः रात्रभर हॉस्पिटलला बसलेत, घरचं सोनं मोडलंय. त्यांच्यावर सगळं टाकायचं हे मला पटत नाही. पण ईएसआय आहेच कशासाठी? मालक ३.२५ टक्के भरतो, कामगार ०.७५ टक्के भरतो, दर महिन्याला, अपघात होवो न होवो. जोखीम वाटून घ्यायची म्हणूनच तर ही वर्गणी. मग छोट्या शेडमधल्या माणसाला जागा नसेल तर वाढीव टक्के त्या फंडातून द्या, आणि ज्या मोठ्या कंपन्यांसाठी हे पार्ट बनतात, ज्यांच्याकडे हजारो माणसं आणि शेकडो प्रकारची कामं आहेत, त्यांना कलम २० सारखी सक्ती करा, त्यांच्या व्हेंडरकडच्या जखमी माणसालासुद्धा. तो पार्ट शेवटी त्यांच्याच गाडीला लागतो. मोठ्या कंपनीच्या स्टोअरला, टूल क्रिबला, इन्स्पेक्शनला दोन बोटांचा माणूस बसू शकतो, मी बसलेले बघितलेत, आणि उत्तम काम करतात. प्रेस शॉपच्या शेडमध्ये ती जागाच नसते.

आणि ह्याने आणखी एक होईल. आज तीन बोटांची किंमत ठरलेली आहे आणि ती फंडातून जाते, त्यामुळे दोन हातांचं बटण चालू ठेवायचं का बंद ह्याचा हिशोब प्रॉडक्शनच्या बाजूने लागतो. वर बसलेल्या कंपनीला तो माणूस स्वतःच्या गेटमध्ये घ्यावा लागला तर तिचा ऑडिटवाला शेडमध्ये येऊन आधी फूट पेडल बघेल.

माझ्याकडे येणाऱ्या सगळ्यांना मी आता तीन गोष्टी सांगतो. बोर्डाचा निकाल लेखी घ्या आणि मिळाल्याची तारीख लिहून ठेवा, कारण त्यावर अपील करायला तीनच महिने असतात, मेडिकल अपील ट्रायब्युनलला किंवा थेट ईएसआय कोर्टात. अपघाताच्या दिवशी तुम्ही काय काम करत होता ते एका ओळीत 'हेल्पर' म्हणून उरकू देऊ नका, कॉन्ट्रॅक्टरच्या कागदावर सगळेच हेल्पर असतात, पण पॉवर प्रेस ऑपरेटर असाल तर तसं लिहून घ्या, कुठलं मशीन, किती वर्षं, कुठल्या हाताने पीस काढायचा, सगळं. आणि वही ठेवा.

त्या गड्याने ठेवलीय. दोनशे पानी, आडव्या रेघांची, पोराच्या शाळेची उरलेली. डाव्या हाताने लिहायला शिकला तो ह्याच वहीत, पहिल्या पानावरचं अक्षर वाचता येत नाही, पुढे पुढे येतं. तारीख, ठिकाण, कोण भेटलं, काय म्हणालं. अपिलासोबत तिच्या झेरॉक्स जोडल्यात, सगळ्या मिळून सतरा नोंदी. तीन बोटं गेलेल्या माणसाला अमुक ठिकाणी काम मिळेल अशी एकही नोंद समोरून अजून आलेली नाही. पुढची तारीख लागलीय.